तुरटी फिरवली की पाणी का निवळतं? गढूळ नळापासून काळ्या मातीपर्यंत एकच रसायनशास्त्र

पावसाळ्यातला पहिला मोठा पूर आला की जळगाव, भुसावळ, शिरपूर, शहादा कुठेही बघा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बादलीतल्या मातकट पाण्याचे फोटो पडायला लागतात, खाली कुणीतरी विचारतं फिल्टर प्लांट बंद आहे का, आणि मग पालिकेचा मेसेज येतो की धरणात नवीन पाणी आल्यामुळे गढूळपणा वाढला आहे, नागरिकांनी पाणी गाळून व उकळून प्यावे. घरातली जुनी माणसं तोपर्यंत तुरटीचा खडा शोधून बादलीत चार वेढे फिरवून मोकळी झालेली असतात. अर्ध्या-पाऊण तासात पाणी निवळतं, खाली गाळाचा थर बसतो.

हे आपण इतक्या वेळा बघितलंय की त्यात विचारण्यासारखं काही वाटतच नाही. पण बघा, तुरटी किती पडली पाण्यात, चिमूटभरही नाही, आणि तिने अख्ख्या बादलीतली माती खाली बसवली. रात्रभर बादली नुसती ठेवून जे झालं नाही ते एवढ्याशा खड्याने कसं झालं? याचं उत्तर ज्या शाखेत आहे तिला पृष्ठभागाचं रसायनशास्त्र म्हणतात, बारावीला सरफेस केमिस्ट्री म्हणून पाठ करावं लागायचं आणि परीक्षेनंतर विसरलं जायचं. मला वाटतं आपल्या खान्देशातल्या माणसाने तरी ते विसरू नये, कारण नळाच्या पाण्यापासून तणनाशकाच्या पंपापर्यंत आणि युरियापासून विहिरीपर्यंत आपलं बरंच काही त्यावरच चाललंय.

रात्रभर ठेवलं तरी गाळ खाली का बसत नाही?

पुराच्या पाण्यात दोन प्रकारची माती असते. एक म्हणजे रेती आणि जाडसर गाळ. साधारण ०.१ मिलिमीटरचा रेतीचा कण एक फूट खोल बादलीत अर्ध्या-पाऊण मिनिटात तळाला जातो. त्याचा काही त्रास नाही.

त्रास आहे तो चिकणमातीच्या बारीक कणांचा. कण जितका बारीक तितका तो हळू बसतो, आणि हे प्रमाण साधं नाही, आकार दहापट कमी झाला की बसायचा वेग शंभरपट कमी होतो. हिशोब केला तर एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कण तीच एक फुटाची बादली उतरायला साडेतीन दिवस घेईल, आणि त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा कण जवळजवळ वर्षभर. प्रत्यक्षात तोही बसत नाही, कारण पाण्याचे रेणू सतत हलत असतात आणि इतक्या हलक्या कणाला ते चारी बाजूंनी धक्के देत राहतात. रॉबर्ट ब्राऊन नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये परागकणांतून निघालेले बारीक कण पाण्यात असे थरथरत भटकताना सूक्ष्मदर्शकातून बघितले होते, म्हणून त्याला ब्राऊनियन गती म्हणतात.

असे साधारण १ ते १००० नॅनोमीटरचे कण दुसऱ्या पदार्थात विरघळलेले नसताना नुसते पसरून तरंगत राहिले की त्या मिश्रणाला कलिल म्हणतात, इंग्रजी शाळेतल्या पोरांचं कोलॉइड. मीठ पाण्यात विरघळतं ते कलिल नाही, रेती बसून जाते तेही कलिल नाही, या दोघांच्या मधलं जे आहे ते कलिल. दूध, शाई, रंग, धुकं, रक्त सगळी कलिलंच. ओळखायचं असेल तर अंधारात ग्लासच्या एका बाजूने मोबाईलचा टॉर्च मारा, मिठाच्या पाण्यात प्रकाशाची वाट दिसणार नाही, गढूळ पाण्यात किंवा दूध टाकलेल्या पाण्यात सरळ पट्टा दिसेल. कण प्रकाश विखुरतात म्हणून तसं होतं, आणि त्याला टिंडल परिणाम म्हणतात.

पृष्ठभागात असं काय वेगळं आहे?

सारंगखेड्याच्या यात्रेतली गर्दी डोळ्यासमोर आणा. मधे अडकलेल्या माणसाला चारी बाजूंनी माणसं लागलेली असतात, त्याचे दोन्ही हात गुंतलेले. गर्दीच्या अगदी कडेला जो उभा आहे त्याचा मात्र एक हात मोकळा, बाहेरून कुणी ओळखीचं आलं की तोच हात पुढे करून त्याला धरून घेणार. कुठल्याही पदार्थात आतल्या रेणूची आणि वरच्या थरातल्या रेणूची हीच गत असते. आतल्या रेणूची ओढ शेजाऱ्यांवरच खर्च होते, वरच्याची ओढ एका बाजूने उरते. ही उरलेली ओढ जवळ आलेल्या हवेच्या, पाण्याच्या, क्षाराच्या किंवा औषधाच्या रेणूला पृष्ठभागावर धरून ठेवते. यालाच अधिशोषण म्हणायचं. स्पंज पाणी आतवर पिऊन घेतो ते वेगळं, अधिशोषणात पाहुणा वरच बसतो, आत जात नाही.

आता प्रश्न असा की वरच बसणार तर असं किती बसणार? इथे कणाच्या बारीकपणाचा सगळा खेळ आहे. एक सेंटिमीटरचा ठोकळा घ्या, त्याच्या सहा बाजू मिळून ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग. तोच ठोकळा कापून एक मायक्रॉनचे तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग ६ चौरस मीटर होतो, आणि १० नॅनोमीटरचे केले तर ६०० चौरस मीटर. माल तेवढाच, वजन तेवढंच, पण मोकळे हात लाखो पटीने वाढले. म्हणून मोठ्या दगडाला काही चिकटत नाही आणि त्याच दगडाच्या बारीक मातीला सगळं चिकटतं.

आपली काळी माती तर यात फारच पुढे आहे. बेसॉल्ट झिजून झालेली ही माती, त्यात मॉन्टमोरिलोनाईट नावाचं खनिज भरपूर, त्याचे पापुद्रे इतके पातळ की एका ग्रॅमला आतबाहेर मिळून ६०० ते ८०० चौरस मीटर पृष्ठभाग भरतो. एक एकर म्हणजे साधारण ४०४७ चौरस मीटर. म्हणजे या शुद्ध खनिजाच्या पाच-सात ग्रॅममध्ये एक एकराएवढा पृष्ठभाग घड्या घालून ठेवलाय. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात ट्रॅक्टर फसेल एवढा चिखल, दोन्हीचं कारण या पापुद्र्यांमध्ये शिरणारं आणि बाहेर पडणारं पाणीच आहे.

मग हे कण एकमेकांना का धरत नाहीत?

रास्त शंका आहे. मोकळे हात आहेत तर माती मातीला धरेल, गोळे होतील आणि खाली बसतील. पण चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांवर एकसारखाच, त्यामुळे दोन कण जवळ आले की एकमेकांना ढकलतात. त्यांच्यातली ओढ अगदी जवळून काम करते आणि ढकलणं त्याच्या आधीच सुरू होतं, म्हणून ते तेवढे जवळ येऊच शकत नाहीत.

तुरटी नेमकं इथे हात घालते. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनियमचं सल्फेट, पाण्यात विरघळली की त्यातून तीन धन भार असलेला अ‍ॅल्युमिनियम मोकळा होतो. तो मातीच्या कणांना चिकटून त्यांचा ऋण भार मारतो, ढकलणं थांबतं आणि कण एकत्र यायला लागतात. शिवाय अ‍ॅल्युमिनियम पाण्याशी क्रिया करून हायड्रॉक्साइडचा चिकट, कापसासारखा पुंजका बनवतो, आणि तो खाली जाता जाता वाटेतले कण गोळा करत नेतो.

इथे भाराचा आकडा फार महत्त्वाचा. मिठातल्या सोडियमला एक भार, चुन्यातल्या कॅल्शियमला दोन, अ‍ॅल्युमिनियमला तीन. भार वाढला की गाळ बसवायची ताकद दुप्पट-तिप्पट होत नाही, हिशोबाने ती १, ६४, ७२९ अशी चढत जाते. शुल्झ आणि हार्डी या दोघांच्या नावाने हा नियम ओळखतात. घरी बघायचं असेल तर गढूळ पाण्याचे तीन ग्लास भरा, एकात काही टाकू नका, दुसऱ्यात चमचाभर मीठ, तिसऱ्यात तुरटीची अगदी थोडी पूड. मीठसुद्धा पाणी निवळवतं, पण त्याला किती लागलं आणि तुरटीला किती लागली ते बघा.

तापीचं पाणी सुरतेपुढे समुद्राला मिळतं तिथे हेच मिठाचं काम रोज चालू आहे, खारं पाणी लागलं की नदीने वाहून आणलेली बारीक माती गोळे होऊन बसायला लागते, नद्यांच्या मुखाशी गाळ साठतो त्याचं हे एक मोठं कारण. दुधात लिंबू पिळल्यावर ते फाटतं, तिथेही आम्लाने प्रथिनांच्या कणांवरचा भार जातो आणि ते एकत्र येतात. दाढी करताना कापलं की न्हावी तुरटी लावतो, तिथे रक्तातली प्रथिनं गोठतात.

तुरटी नसायची तेव्हा लोक निवळीचं बी मडक्याच्या आतून घासायचे किंवा शेवग्याच्या बियांची पूड टाकायचे. शेवग्याच्या बियांत धन भाराची प्रथिनं असतात हे आता माहीत झालंय, म्हणजे जुन्या लोकांनी जे केलं ते अगदी बरोबर होतं.

जास्त तुरटी टाकली तर लवकर निवळेल ना?

नाही, आणि ही चूक खूप घरांत होते. प्रमाणाबाहेर अ‍ॅल्युमिनियम झाला की तो कणांवर इतका चिकटतो की आधी ऋण असलेले कण आता धन होतात, आणि सगळे धन झाले की पुन्हा एकमेकांना ढकलायला लागतात. शिवाय पाणी आंबट होतं, तुरट लागतं आणि अ‍ॅल्युमिनियम पाण्यात शिल्लक राहतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात अ‍ॅल्युमिनियमची मर्यादा लिटरला ०.०३ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ०.२ पर्यंत चालवून घेतात. योग्य प्रमाणात टाकलेल्या तुरटीचा अ‍ॅल्युमिनियम बहुतेक सगळा गाळासोबत तळाला जातो, म्हणून घाबरायचं कारण नाही, पण तळचं पाणी ढवळून वापरू नका, वरचं अलगद काढा.

जलशुद्धीकरण केंद्रात दर लिटरला साधारण १० ते ५० मिलिग्रॅम डोस बसतो, म्हणजे २० लिटरच्या बादलीला एक ग्रॅमच्या आतच. तो अंदाजाने टाकत नाहीत, जार टेस्ट करतात, एकाच पाण्याच्या पाच-सहा भांड्यांत वेगवेगळा डोस टाकून आधी जोरात ढवळतात, मग बराच वेळ हळू, मग थांबवून बघतात कुठलं नीट निवळलं. पुराच्या दिवसांत नदीचं पाणी तासातासाला बदलतं, सकाळचा डोस दुपारी चुकतो, आणि नळाला गढूळ पाणी येण्यामागे बऱ्याचदा हे असतं. यंत्रणेला दोष द्यायच्या आधी हे माहीत असावं, आणि पावसाळ्यात जार टेस्ट दिवसातून किती वेळा होते हे विचारायचा हक्कही आपल्याला आहेच.

घरी पण तेच करा, तुरटी पहिलं अर्धा मिनिट भराभर फिरवा, मग चार-पाच मिनिटं पाणी अगदी हळू ढवळा. हळू ढवळलं की पुंजके मोठे होतात, जोरात ढवळत राहिलं की तुटतात.

निवळलं म्हणजे पिण्यासारखं झालं का?

नाही. गाळासोबत बरेचसे जंतू खाली जातात कारण तेही कणांना चिकटलेले असतात, पण सगळे जात नाहीत, आणि तुरटी त्यांना मारतही नाही. त्यासाठी उकळणं किंवा क्लोरीन पाहिजे. क्रम मात्र पाळा, आधी निवळवा, मग गाळा, मग क्लोरीन टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यातच क्लोरीन टाकलं तर त्यातला बराच भाग गाळातल्या सेंद्रिय पदार्थांवर खर्च होतो आणि कणांच्या आड बसलेले जंतू वाचतात. मानकाप्रमाणे पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत असावा, नाइलाज असेल तर ५ पर्यंत, त्याचं एक कारण हेच आहे.

तणनाशक फेल का गेलं?

दुकानदाराशी भांडायच्या आधी पंपात पाणी कुठलं भरलं होतं ते आठवा. पाटचारीचं किंवा नाल्याचं गढूळ पाणी असेल तर ग्लायफोसेट आणि पॅराक्वाटसारखी तणनाशकं गवतापर्यंत पोचायच्या आधीच पंपातल्या मातीला चिकटून बसतात. पॅराक्वाटवर धन भार आहे आणि मातीवर ऋण, तो तर इतका घट्ट बसतो की जमिनीवर पडल्यावर जवळजवळ निकामीच होतो. औषध असली, माप बरोबर, तरी निकाल शून्य. मग शेतकरी डोस वाढवतो, पैसे दुप्पट आणि जमिनीत विष जास्त. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण उपाय फुकटचा आहे, स्वच्छ पाणी घ्या.

बोअरचं पाणी दिसायला स्वच्छ पण बऱ्याचदा जड, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार जास्त असलेलं असतं, त्यात ग्लायफोसेट कॅल्शियमला बांधला जातो. ती गोष्ट पृष्ठभागाची नाही, पण नुकसान तेच, म्हणून जाणकार लोक आधी पाण्यात अमोनियम सल्फेट टाकतात.

फवारणीच्या औषधात मिसळतात ते स्टिकरसुद्धा पृष्ठभागाचंच काम करतं. केळीच्या पानावर मेणाचा थर, पाण्याच्या वरच्या रेणूंना आतले रेणू ओढून घेतात म्हणून थेंब गोल होऊन घरंगळतो. स्टिकरचे रेणू थेंबाच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात, ती ओढ कमी होते आणि थेंब पानावर पसरतो.

माती युरियाचा अमोनियम धरते, मग नायट्रेट का सोडते?

युरिया अमोनियापासून बनतो, आणि अमोनिया मुळात बनतोच पृष्ठभागावर. हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन एकत्र करून अमोनिया करायचा तर लोखंडाच्या पृष्ठभागावर ते आधी चिकटावे लागतात, तिथे नायट्रोजनचे अणू सुटे होतात आणि पायरीपायरीने अमोनिया तयार होतो. इथलं चिकटणं नुसतं ओढीचं नाही, रासायनिक बंध जुळतात. पृष्ठभागावर हे नेमकं कसं घडतं ते उलगडल्याबद्दल गेरहार्ड एर्टल यांना २००७ चं नोबेल मिळालं.

शेतात युरिया टाकला की तो काही दिवसांत अमोनियम होतो. अमोनियमवर धन भार, मातीवर ऋण, त्यामुळे काळी माती त्याला धरून ठेवते आणि मुळांना हळूहळू देते. पण जमिनीतले जिवाणू त्याच अमोनियमचं नायट्रेट करतात, त्यावर ऋण भार, आणि माती त्याला धरत नाही. मोठा पाऊस झाला किंवा ड्रिप गरजेपेक्षा जास्त वेळ चालू राहिलं की नायट्रेट पाण्याबरोबर खाली जातं. एका दमात गोण्या ओतण्यापेक्षा थोडं थोडं विभागून द्या असं कृषी खात्याची माणसं सांगतात त्यामागे हे आहे.

चोपण जमिनीचं दुखणंही याच भारातून येतं. पाणी जास्त आणि निचरा कमी असलेल्या भारी जमिनीत मातीच्या कणांवर सोडियम जाऊन बसतो, एका भाराचा सोडियम कणांना एकत्र बांधू शकत नाही, कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात आणि वर पाणी साचून राहतं. जिप्सम टाकलं की दोन भाराचा कॅल्शियम सोडियमला उठवून त्याची जागा घेतो, कण पुन्हा एकत्र येतात आणि जमीन पाणी प्यायला लागते. म्हणजे बादलीत तुरटी जे करते ते शेतात जिप्सम करतं. फक्त सुटलेला सोडियम धुऊन बाहेर जायला चर पाहिजेत, नाहीतर तो तिथेच फिरत राहतो, आणि किती जिप्सम टाकायचं हे माती परीक्षणावरूनच ठरवावं.

घरात कार्बनचा फिल्टर आहे, मग काळजी कशाला?

फिल्टरमधला सक्रिय कोळसा खरंच जबरदस्त आहे, एका ग्रॅमला हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग. क्लोरीनचा वास, रंग, कीटकनाशकांचे बरेचसे अंश तो धरतो. विषबाधेच्या काही रुग्णांना डॉक्टर हाच कोळसा देतात. पण त्याला सेंद्रिय, पाण्यात फारसे न मिसळणारे रेणू आवडतात. पाण्याचा जडपणा, मीठ, फ्लोराइड हे भार असलेले आणि पाण्यातच रमणारे आयन त्याच्या हातून निसटतात. आणि पृष्ठभाग कितीही मोठा असला तरी कधीतरी भरतोच, त्यानंतर कोळसा काही धरत नाही, उलट त्यावर जंतू वाढतात, म्हणून पाण्याला वास येत नसला तरी काडतूस वेळेवर बदलावं लागतं.

निसटणाऱ्यांमध्ये नायट्रेटही आहे. शेतातल्या मातीने जे धरलं नाही आणि जे झिरपत विहिरीत उतरलं, ते घरातला साधा कोळसाही धरत नाही, तुरटीनेही ते जात नाही. उकळून तर अजिबात जात नाही, पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं. मानकातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि सगळ्यात जास्त धोका वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना, कारण नायट्रेटमुळे त्यांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते. आरओने ते बरंच कमी होतं. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही, त्यामुळे पाणी बघून कळत नाही, म्हणून मळ्यातल्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पिण्यात असेल तर वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, त्याचा नमुना भूजल सर्वेक्षणच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि घरात तान्हं बाळ असेल तर रिपोर्ट येईपर्यंत त्याच्या दुधासाठी दुसरीकडचं पाणी वापरा.